साडेचार फूट

घर बाहेरून छत्तीस फूट भरलं. आतून तिन्ही खोल्या मोजल्या, सगळ्या भिंतींची जाडी मिळवली, तरी साडेएकतीसच. पतपेढीच्या इंजिनियरने वहीत दोनदा बेरीज केली, चष्मा पुसला आणि फितीचं दुसरं टोक धरून उभ्या असलेल्या गवंड्याकडे संशयाने पाहिलं.

"नीट धरली होतीस ना?"

"वीस वर्षं हेच धरतोय साहेब," गवंडी म्हणाला.

त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ उभी आहे का हे बघायचा दोरीला बांधलेला लोखंडी गोळा कायम त्याच्या खिशात असे. मुलगी बघायला गेला तेव्हा त्याने तिच्या घराच्या चौकटीलाही तो लावून बघितला होता म्हणे. ही गोष्ट खोटी आहे असं त्याची बायको सांगते. चौकट तिरकी होती हे मात्र ती नाकारत नाही.

पुन्हा मोजलं. पुन्हा साडेचार फूट कमी.

घराचा मालक, म्हातारा कंपाउंडर, खोलीच्या दारात उभा होता. चाळीस वर्षं दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधल्यामुळे त्याची बोटं अजूनही काहीतरी दुमडत असल्यासारखी हलायची. "जुन्या भिंती जाड असतात," तो म्हणाला.

"जाडी धरलीये," इंजिनियर म्हणाला आणि तिसऱ्या खोलीच्या टोकाच्या भिंतीवर त्याने बोटाने टकटक केलं. आवाज पोकळ आला.

"हळू," कंपाउंडर म्हणाला.

"का? पलीकडे कोणी झोपलंय का?"

इंजिनियर स्वतःच्या विनोदावर हसला. ओळंब्याची बायकोही हसली, कारण कर्ज त्या माणसाच्या सहीवर अडलं होतं. कंपाउंडरची बोटं तेवढी थांबली.

हे घर या कुटुंबाला हवं होतं, आणि लवकर हवं होतं. ओळंबा, बायको, दोन मुली आणि म्हातारी आई असे पाचजण खडी कारखान्याच्या कामगारांसाठी बांधलेल्या एका खोलीत राहत होते. कारखाना बंद पडला. मालकाने खोल्या रिकाम्या करा म्हणून सांगितलं, कोणी ऐकलं नाही, तेव्हा त्याने भांडण न करता पत्रे उतरवायला माणसं लावली. रोज दोन खोल्या. माणूस आत जेवत बसलेला असला तरी वरून पत्रा जायचा. यांची खोली सोळा खोल्यांच्या रांगेत शेवटून दुसरी होती, म्हणजे हातात आठ दिवस होते. कंपाउंडर चार लाख मागत होता. साठवलेले आणि पतपेढी देईल ते मिळून यांच्याकडे तीन होत होते. आता अहवालात घराची किंमत काय येते यावर सगळं होतं.

"थापी दे," इंजिनियर म्हणाला.

ओळंब्याने थापी दिली. इंजिनियरने भिंतीच्या वरच्या कोपऱ्यातला गिलावा खरवडला. सगळं घर दगड आणि चुन्याचं. ही एकटी भिंत विटांची होती, तीही नुसत्या चिखलात बसवलेली. त्याने एका विटेला बोट लावलं तर ती दुधाच्या दातासारखी हातात आली.

"कोण हा शहाणा?" इंजिनियर म्हणाला. "सांध्यावर सांधा! खालपासून वरपर्यंत सगळे सांधे एका रेषेत. बाजूच्या भिंतीत एक वीट अडकवलेली नाही. अहो, ही भिंत नाही, विटांची चळत आहे. पोरं खेळताना रचतात तशी." त्याने भोकातून मोबाइलचा उजेड टाकला. "आत काही नाही. रिकामं आहे."

"धान्याची कोठी होती," कंपाउंडर म्हणाला. "उंदीर झाले म्हणून बुजवली."

इंजिनियरने लिहून घेतलं. वीट ओळंब्याच्या हातात दिली. ओळंब्याने ती उलटी केली आणि मग बराच वेळ तशीच धरून राहिला.

विटेला एका अंगाला खाच असते. जगातले सगळे गवंडी ती खाच वर ठेवून वीट बसवतात. या विटेची खाच खाली होती. खाच वर ठेवली की विटेच्या पोटात पाणी राहतं, असं म्हणून आयुष्यभर वीट उलटी बसवणारा एकच माणूस ओळंब्याला माहीत होता. त्यावरून त्या माणसाने तीन ठेकेदार सोडले होते आणि एकाला वाळूच्या ढिगात ढकललं होतं. तो ओळंब्याचा बाप. आणि सांध्यावर सांधा आला म्हणून याच बापाने अकरा वर्षांच्या ओळंब्याच्या कानाखाली असा आवाज काढला होता, की दोन दिवस त्याला त्या कानाने ऐकू येत नव्हतं. म्हणजे हात बापाचा होता, काम बापाचं नव्हतं.

त्याने वीट परत बसवली. बसवताना भोकातून थंड हवा तोंडावर आली. धान्याचा वास एकदा खोलीला लागला की वर्षानुवर्षं जात नाही. तो वास त्या हवेत नव्हता.

अहवाल दुसऱ्याच दिवशी मिळाला. एका तुळईचं टोक कुजलेलं. मागच्या भिंतीत जमिनीजवळ चार दगड कधीतरी काढून पुन्हा बसवलेले, तिथून ओल येते. विटांची भिंत धोकादायक, पाडावी किंवा नव्याने बांधावी. योग्य किंमत तीन लाख वीस हजार.

बायकोने अहवाल तीनदा वाचला. "बघा, सरकारी शिक्क्यासारखा शिक्का आहे. आता म्हाताऱ्याला चार कसे म्हणता येतील? तीनवर आणते की नाही बघा."

"ती भिंत आप्पांनी बांधलीये," ओळंबा म्हणाला.

"मग काय झालं? पाडायला गवंडी घरचाच आहे."

ओळंबा आईकडे वळला. म्हातारी दारात बसून मुलीच्या फ्रॉकची शिवण उसवत होती. बाहेर पत्रे उतरवल्याचा आवाज येत होता, ठण, ठण, आणि मध्येच कोणाची तरी शिवी.

"आई, आप्पांनी कंपाउंडरकडे काम केलं होतं?"

म्हातारीचे हात थांबले. "एक दिवस. तू सात-आठ वर्षांचा असशील. तुला तो मोठा ताप होता. रोज सुई होती, बारा दिवस. आपल्याकडे दमडी नव्हती. कंपाउंडर म्हणाला, पैसे नको, एका दिवसाचं काम आहे, तेवढं कर."

"काय काम ते बोलले?"

"नाही. घरी आला तो हातपाय न धुता बसून राहिला. अंगावर चिखल वाळून गेला होता. मग दुसऱ्या दिवसापासून रोज दिवेलागणीला त्या घरापर्यंत चालत जायचा आणि परत यायचा. मी विचारायचे, कुठे गेला होतास? म्हणायचा, भिंत बघायला. मी म्हणायचे, एवढं काय सोन्याचं काम करून ठेवलंयस? म्हणायचा, अजून उभी आहे. आणि ताट पुढून सारायचा." तिने दोरा दाताने तोडला. "मला वाटायचं गर्व आहे कामाचा. पाय गेले तेव्हाच थांबला बघ. त्यानंतर पडल्या-पडल्या विचारायचा, कोणाला पाठवून बघ, उभी आहे का. मी कोणाला पाठवणार? म्हणायचे, आहे रे बाबा, पक्की आहे. मी असं म्हटलं की भिंतीकडे तोंड करून झोपायचा."

वाईट वाटण्याआधीच ओळंब्याला राग आला होता. आयुष्यभर आपल्याला सरळ उभं करायला झटणाऱ्या बापाने असलं काम केलं, आणि ते रोज जाऊन बघितलं, याचा राग.

सौदा करायला नवराबायको कंपाउंडरच्या ओट्यावर बसले तेव्हा बोलायचं काम बायकोनेच घेतलं. ओळंबा भावात कच्चा होता. समोरच्याने तोंड लहान केलं की हा स्वतःच भाव वाढवून द्यायचा.

"काका, तुळई कुजलीये."

"जुनी सागवानी आहे. टोक कापून टेकू दिला की अजून शंभर वर्षं बघायला नको."

"मागची भिंत ओली आहे."

"भिंत म्हटलं की थोडी ओल यायचीच."

"आणि कोठीची भिंत तर साहेबाने एका बोटाने काढली. पतपेढी म्हणते ती नीट केल्याशिवाय पैसे नाहीत. तीनला द्या."

कंपाउंडरने रस्त्याकडे पाहिलं. तो पुतण्याकडे राहायला जाणार होता. पुतण्याने दोन वर्षं तगादा लावला होता, पण कोणी घर बघायला आलं की हा म्हातारा भाव अव्वाच्या सव्वा सांगून त्याला घालवून देई. या वेळी पुतण्याने शेवटचं सांगितलं होतं.

"साडेतीन," तो म्हणाला.

"मग चार महिन्यांनी दुसरा इंजिनियर येईल, तोही मोजेल," बायको म्हणाली. "त्याचेही साडेचार फूट कमी भरतील."

हे तिने सहज म्हटलं. पण कंपाउंडरचा चेहरा असा उतरला की तिचीच जीभ अडखळली.

"पावणेतीनला देतो," तो म्हणाला.

बायकोने ओळंब्याकडे पाहिलं. तिने मागितलं त्यापेक्षा कमी! असा सौदा तिने जन्मात ऐकला नव्हता.

"पण एक अट. ती भिंत पाडायची नाही. मी आहे तोवर. तिच्यापुढे दुसरी भिंत चढवायची, पक्की, सिमेंटची. ओळंब्या, तूच बांध. गिलावा करून साहेबाला दाखव आणि पैसे सोडवून घे. तुझ्या बापाचं काम आहे ते, तूच पुरं कर."

"काका, माझ्या बापाने तिथे काय बांधलं?"

"सांगितलं ना. कोठी."

"आम्हाला चालेल," बायको घाईने म्हणाली. साडेचार फुटांच्या अंधाराचं तिला काय करायचं होतं? उरलेल्या पंचवीस हजारांत तुळई होईल, मोरी होईल, मुलींना खिडकी होईल. परत येताना ती सगळं बोटांवर मोजत होती, आणि ओळंबा तिच्या चार पावलं मागे चालत होता.

पुढचे दोन दिवस तो रस्त्याच्या मोरीच्या कामावर गेला. डाव्या हातात वीट, उजव्या हातात थापी, मागून बायको गाऱ्याची पाटी आणून ओतत होती. ऊन इतकं होतं की गारा पाटीतच सुकत होता. ओळंब्याचा हात दर थोड्या वेळाने थांबायचा. विटेवर वीट ठेवताना त्याला मागे कोणीतरी उभं राहून बघतंय असं वाटायचं, वळून बघितलं तर उन्हात तापलेला रस्ता. एकदा त्याने नकळत वीट उलटी बसवली, खाच खाली. बायकोने ती बघितली. त्याने ती काढली, धुतली आणि सरळ बसवली. दुपारी सावलीत पडल्यावर त्याच्या कानात तोच टकटक आवाज यायचा, पोकळ, आणि त्यामागून कंपाउंडरचं ते "हळू". खोलीत परतल्यावरही तो दार लावू देईना. मुली म्हणाल्या, कुत्रं येतं. तो म्हणाला, येऊ दे.

तोवर पत्रे उतरवणारे अकराव्या खोलीपाशी पोचले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो तुळईला तात्पुरता टेकू द्यायला कंपाउंडरच्या घरी गेला. टेकू दिल्याशिवाय पतपेढी पुढे सरकणार नव्हती. कंपाउंडर दूध आणायला गेला होता, दार उघडंच होतं. तिसऱ्या खोलीत एकच खुर्ची होती, आणि तिचं तोंड दाराकडे किंवा खिडकीकडे नव्हतं, त्या भिंतीकडे होतं. ओळंब्याने खुर्ची बाजूला केली. वासा उभा करून त्याखाली पाचर ठोकली. प्रत्येक घावासरशी विटांची भिंत थरथरत होती. गिलाव्याची धूळ झरझर खाली यायची, हातोडा थांबला तरी थोडा वेळ येत राहायची. त्याला वाटलं, आतूनही कोणी ठोकतंय. त्याने हातोडा खाली ठेवला आणि कान दिला. काही नव्हतं. नुसता त्याचाच श्वास होता.

दुसऱ्या वाशाला जागा हवी म्हणून भिंतीलगतची पत्र्याची पेटी त्याने ओढली. पेटीमागे, जमिनीला टेकून, एक भोक होतं. एक ताट सरकेल एवढं रुंद, एक मूठ उंच. खालची कड घासून गुळगुळीत झाली होती. असली कड एक-दोन महिन्यांत होत नाही हे सांगायला गवंडी लागत नाही. ओळंबा गुडघ्यांवर बसून राहिला.

"ती पेटी जागेवर ठेव," मागून कंपाउंडर म्हणाला. त्याच्या हातात दुधाची पिशवी होती.

"उंदरांना ताट वाढत होता का काका?"

कंपाउंडर खुर्चीवर बसला. खुर्ची बाजूला केलेली होती, ती त्याने आधी सवयीने भिंतीसमोर आणली आणि मग बसला. पिशवीतून दूध ठिबकत होतं, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं.

"माझी धाकटी बहीण," तो म्हणाला. "घरातून निघून जायची. अंगावर काय आहे, नाही, याची शुद्ध नसायची. दोनदा विहिरीतून काढली. सगळ्यांना सांगितलं, मावशीकडे ठेवलीये."

"दाराला कडी घालायची होती."

"आधी दारच होतं. दार ती वाजवायची. दिवसभर. दवाखान्यातून येताना वळणावर ऐकू यायचं. दाराला आवाज असतो रे. भिंतीला नसतो. वर झरोका होता, मागे मोरी होती. उपाशी नाही ठेवली मी तिला. एकदाही नाही."

"किती वर्षं?"

"नऊ." त्याची बोटं पुडी बांधत होती. "मग ताप आला. औषध आत सरकवलं, ते तसंच राहिलं. दोन दिवस ताट परत आलं नाही. मागचे चार दगड काढून बाहेर काढली."

ओळंब्याने विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं. "माझ्या बापाला माहीत होतं?"

"त्याला कोठीच सांगितली होती. तिला झोपेचं औषध दिलं होतं मी. कोपऱ्यात पोत्यांमागे झोपली होती. भिंत छातीपर्यंत आली आणि ती उठली. त्याच्याकडे पाणी मागितलं. त्याने स्वतःच्या बाटलीतलं दिलं, वरून. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तुझ्या पोराच्या अजून पाच सुया राहिल्यात." कंपाउंडर थांबला. "त्याने पुढची वीट उचलली."

ओळंब्याच्या डाव्या दंडाला, जिथे लहानपणीच्या सुयांच्या गाठी होत्या, तिथे काहीतरी ओढल्यासारखं झालं. तो उठला, भिंतीपाशी गेला आणि त्याने तिला तळवा लावला. जोर केला नाही, नुसता टेकवला. भिंत हलली. गिलाव्यावर कोपऱ्यापासून खालपर्यंत एक बारीक रेघ गेली.

आणि त्याला बाप समजला. सांध्यावर सांधा, बाजूला अडकवलेली वीट नाही, चिखल पातळ, पाया नाही. आयुष्यात एकदाच त्याने मुद्दाम वाईट काम केलं होतं. रोज दिवेलागणीला जाऊन तो बघत होता ते हेच, की पडली का. अजून उभी आहे.

"काका, ही भिंत पडावी म्हणूनच बांधलीये," ओळंबा म्हणाला. "आतून कोणी नुसता खांदा लावला असता ना, तरी पडली असती. नऊ वर्षं! तिने एकदा ढकलून बघितलं नाही?"

कंपाउंडर त्या रेघेकडे बघत होता. इंजिनियरने एका बोटाने वीट काढली त्या दिवसापासून त्याचे डोळे झोप नसल्यासारखे लाल होते, ते कशामुळे हे आता ओळंब्याला कळलं.

"मी पहिल्याच दिवशी तिला सांगितलं होतं," तो म्हणाला. "भिंतीला हात लावू नको, अंगावर पडेल, चिरडून मरशील. नुसतं घाबरवायला म्हटलं होतं रे. मला काय माहीत? एकदा भोकापाशी तोंड आणून म्हणाली, दादा, खरंच हलते. मी त्या बाजूला झोपतच नाही." त्याने पिशवी खाली ठेवली. "मला वाटलं, वेडी आहे, काहीही म्हणते."

रस्त्यावरून एक सायकल गेली, तिची घंटी वाजली.

"तिच्यापुढे भिंत घाल," कंपाउंडर शेवटी म्हणाला. "अडीचला देतो घर. पण मला ती पडलेली बघायची नाही."

ओळंब्याने घरी येऊन सगळं सांगितलं. बायको ऐकताना दोनदा मुलींना बाहेर पिटाळून आली. सांगून झाल्यावर ती जे बोलली त्याची तिला स्वतःलाच लाज वाटली.

"अडीच म्हणाला?"

"हो."

"मग काय करायचं तुमच्या मनात आहे? परवा आपला पत्रा जाणार. मुलींना सांगू, आकाशाखाली झोपा, तुमच्या आजोबांची भिंत आडवी आली?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "गेलेली परत येणार आहे का? एक भिंतच घालायची आहे ना? तुम्ही नाही घातली तर मी घालते. मला येते."

"तुला येते," ओळंबा म्हणाला. "मलाही येते. त्यालाही येत होती."

म्हातारी कोपऱ्यात बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. इतकी वर्षं ज्याला ती 'पक्की आहे' म्हणून धीर देत होती, त्या माणसाची अंथरुणावरची पाठ तिला आता दिसत असणार, कारण तिने दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून घेतलं. बऱ्याच वेळाने हात काढले तेव्हा तिचा चेहरा कोरडा होता.

"सहीला मला घेऊन चला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं गेली. कंपाउंडरने पेटीवर कागद मांडून ठेवले होते. अटीचा कागद वेगळा होता, त्याच्या स्वच्छ, औषधाच्या चिठ्ठीवरच्या अक्षरात लिहिलेला. रकमेची जागा तेवढी रिकामी होती. ओळंब्याची बायको पेन घेऊन बसली. लिहायचं काम घरात तिचंच होतं.

"कोणती भिंत?" म्हातारीने विचारलं.

"आई, तू इकडे बस."

"मी विचारलं, कोणती."

ओळंब्याने मानेने दाखवली. म्हातारी गेली. तिचं वजन पोत्याएवढंही नव्हतं. संधिवाताने बोटं वाकडी झाली होती, घोटभर पाण्याचा पेलाही ती दोन हातांनी धरायची. तिने एक तळवा छातीच्या उंचीवर भिंतीला लावला आणि अडकलेलं दार ढकलावं तशी ढकलली.

"वहिनी—" कंपाउंडर उठला.

भिंत आतल्या बाजूला गेली. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. विटा एकमेकींवरून घसरत खाली आल्या आणि खोली लाल धुळीने भरली. ओळंब्याने आईला धरून मागे ओढलं. सगळे खोकत होते. धूळ बसायला वेळ लागला, आणि मग झरोक्यातून आलेल्या उन्हाचा तुकडा पहिल्यांदाच या खोलीत पडला.

आत तीन भिंती दिसत होत्या. तिन्ही भिंती खांद्याच्या उंचीपर्यंत काळ्या, तुकतुकीत झाल्या होत्या, हात फिरवून, पाठ टेकून. पलीकडच्या कोपऱ्यात, जिथे माणूस बसत असेल, तिथला चुना उडून दगड उघडा पडला होता. खाली पडलेल्या विटांची आतली अंगं मात्र कोरी होती. आजच भट्टीतून आणल्यासारखी. त्यांना कोणी कधी हात लावला नव्हता.

कंपाउंडरने एक वीट उचलली. उलटसुलट करून बघितली. कडेला कमरेएवढा भाग अजून उभा होता. तो त्याच्याजवळ गेला, एका बोटाने त्याने तो लोटला, आणि तोही गेला.

"एवढंच?" तो म्हणाला. "एवढंच लागत होतं?"

तो विटांवर बसला. त्याचे खांदे हलत होते, पण आवाज बाहेर येत नव्हता. ओळंब्याला त्याची दया आली, आणि दया आल्याची चीडही आली.

बायकोच्या हातातलं पेन तसंच होतं. अट तर पडली होती, विटांबरोबर. तिचा जीव टांगणीला लागला. "काका," ती हळूच म्हणाली, "आकडा काय लिहू?"

"काहीही लिही. दोन लिही."

"तीन वीस," म्हातारी म्हणाली.

"आई!"

"साहेबाने मोजून सांगितलंय ना, तीन वीस? मग तेच. त्याच्या खाली जेवढं सुटतं, ते गप्प बसायचं मोल आहे. ते आपल्या घरात एकदा येऊन गेलंय. पुन्हा नको."

"मला नको तेवढे," कंपाउंडर म्हणाला. "मी कुठे नेऊ?"

"ते तुम्ही बघा. तीन वीस."

"आई, वरचे वीस हजार आणायचे कुठून? तुळईला काय घालायचं?" बायको म्हणाली. मग तिची नजर पुन्हा त्या तीन भिंतींवर गेली आणि तिथेच राहिली. तिने अटीचा कागद घेतला, चार तुकडे केले आणि दुसऱ्या कागदावर तीन लाख वीस हजार लिहिले, अंकी आणि अक्षरी. खाली लिहिलं, पैकी वीस हजार दोन हप्त्यांत. ती रडत होती, पण हप्ते विसरली नाही.

कंपाउंडरने न वाचता सही केली. सही करून झाल्यावर त्याने ओळंब्याकडे पाहिलं. "तुझा बाप रोज रस्त्यावरून जायचा. मी बघायचो. मला एका शब्दाने बोलला असता तर..."

"तुम्हाला कशाला?" ओळंबा म्हणाला. इतके दिवस आत कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "तिला सांगायचं होतं त्यांनी! पाणी दिलं तेव्हा. ढकल म्हणायचं होतं. भिंत कच्ची ठेवली आणि जिच्यासाठी ठेवली तिलाच सांगितलं नाही. गवंड्याला वाटतं, भिंत सगळ्यांना कळते. एक शब्द होता, आई. एकच शब्द. तेवढा तोंडातून काढला नाही माझ्या बापाने."

"नाही काढला," म्हातारी म्हणाली. ती सुनेच्या खांद्याला धरून उभी होती. "काढला असता आणि ती त्याच दिवशी बाहेर आली असती, तर पुढच्या पाच सुया तुला कोणी दिल्या असत्या?"

बाहेर ऊन वर चढलं होतं. दुपारपर्यंत सामान आणायचं होतं, आणि आणायचं तर ही खोली आधी मोकळी करायला हवी होती. ओळंबा खाली बसला आणि एकेक वीट उचलून भिंतीकडेला रचू लागला.